हापशीचा वायसर



२०१६ सालच्या एप्रिल महिन्यातील ही गोष्ट आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि माझ्या वर्गातील एक मुलगी रोज पहिल्या तासास उशिरा येत असे. मुलगी हुशार होती. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर चोख. दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सर्व वर्गादेखत तिला उभी करून आळसावर चांगले लांबलचक प्रवचन झोडले. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि शेवटी इतकेच म्हणाली, “सर, झिऱ्यावर नंबर होता.”

त्या चार शब्दांनी मी वरमलो. पुढच्या रविवारी दुपारी मी तिच्या गावी गेलो. दारव्ह्याहून सडक सोडून आत गेल्यावर लागणारे ते एक लहानसे खेडे. गावाखालच्या नाल्यात वाळू उकरून केलेला एक खड्डा, त्याच्या तळाशी वितभर गढूळ पाणी, आणि भोवती चाळीसपन्नास गुंड व घागरी यांची रांग. वाटीने पाणी भरावयाचे; एक गुंड भरला की पुन्हा पाझर साचेपर्यंत थांबावयाचे. त्याच खड्ड्यापासून दहा पावलांवर गुरे बसली होती. आणि गावात, देवळासमोरील मोकळ्या जागेत, सिमेंटच्या ओट्यावर एक हापशी उभी होती. मी दांडा दाबून पाहिला. तो पिसासारखा हलका वर-खाली झाला. पाण्याचा थेंब आला नाही.

ओसरीवर बसलेल्या एका आजींना मी विचारले. त्या म्हणाल्या, “मास्तर, दोन मयने झाले बंद पडून. कोनी तरी सांगतलं असन म्हनून आमी सारे वाट पायतो.”

हे शब्द मी आजतागायत विसरलो नाही. त्या वर्षी त्याच महिन्यात, १२ एप्रिल रोजी, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी पोहोचले. पहिल्या खेपेस १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर. त्या बातमीने सर्व देश हळहळला. परंतु या खेड्यात पाणी जमिनीखाली होते, यंत्र जमिनीवर होते, आणि दोहोंच्या मध्ये एक लहानसा वायसर झिजून गेला होता. तो झिजला आहे, हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. दुष्काळात दूरच्या खेड्यांना शुद्ध पाणी कसे मिळावे, या प्रश्नाचा विचार मी आज या वायसरापासून करू इच्छितो.

आपली भूमी आणि आपले पाणी

यवतमाळ जिल्ह्यात सरासरीने वर्षाला सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही अल्प म्हणता येणार नाही. मग उन्हाळ्यात विहिरी कोरड्या का? याचे उत्तर आपल्या पायांखाली आहे. आपल्या दारव्ह्याच्या बाजूची भूमी काळ्या पाषाणाची आहे. अतिप्राचीन काळी पृथ्वीच्या पोटातून वाहून आलेल्या तप्त रसाचे थरावर थर थिजून हा खडक झाला. वाळूच्या प्रदेशात जमीन स्पंजासारखी पाणी शोषून ठेवते. आपला अखंड पाषाण तसे करीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही कोठी लहान असल्यामुळे पावसाळ्यात ती लवकर भरते आणि एक पाऊस चुकला की लवकर रिती होते. म्हणून वरच्या मुरमावर जगणारी उथळ विहीर फाल्गुनातच तळ दाखविते, आणि खोल भेगेपर्यंत गेलेल्या छिद्रात त्या वेळीही पाणी सापडू शकते.

शहरेही यातून सुटत नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले, तेव्हा तेथील नागरिकांनी काय हाल सोसले हे आपल्यापैकी अनेकांच्या आप्तांनी अनुभवले आहे.

टंचाई आणि रोग

पाणी कमी झाले म्हणजे केवळ तहान वाढते असे नाही. पाणी घाणही होते. दहा पाणवठ्यांवर वाटलेली माणसे आणि गुरे एकाच डबक्यावर येतात. हात धुण्यास पाणी उरत नाही. टँकर येतो, त्याचे पाणी विहिरीत सोडतात, आणि पन्नास दोर व पन्नास बादल्या, चिखलात ठेवलेल्या जशाच्या तशा, एकदम आत पडतात. म्हणूनच दुष्काळाच्या पाठोपाठ हगवण व पटकी येतात, हा जुना अनुभव आहे.

पटकी पाण्यातून पसरते हे जगास सहजासहजी पटले नाही. १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीने कहर केला, तेव्हा जॉन स्नो या वैद्याने कोणत्या घरात किती माणसे दगावली याची नोंद घेतली. तीवरून त्याने दाखविले की रोगाचे मूळ त्या रस्त्यावरील पंपाच्या पाण्यात आहे. पंचांनी त्याचे म्हणणे ऐकून पंपाचा दांडा काढून टाकला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यास येऊन पटकीच्या रोग्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यात तिचा जंतू दाखवून दिला. पाहा, लंडनला पंपाचा दांडा काढल्याने माणसे घाणेरड्या पाण्यापासून दूर राहिली. आपल्या खेड्यात चांगल्या पंपाचा दांडा निकामी झाल्याने माणसे घाणेरड्या पाण्याकडे वळली.

नारूची कथा अधिक उमेद देणारी आहे. तुमच्या आजीआजोबांस विचारा; पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघालेली माणसे त्यांनी पाहिली असतील. नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताची पिले पाण्यात पडत, पाण्यातील सूक्ष्म किडे ती खात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात वर्षभराने नवा नारू तयार होई. या रोगावर ना लस निघाली, ना गुणकारी औषध. तरीही तो गेला. पाणी कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि हातपंप बसविणे या साध्या उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

जालना आणि सोलापूर

आता त्या हातपंपाकडे वळू. ज्यास आपण हापशी म्हणतो, त्याची जन्मकथा महाराष्ट्रातील आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

काळ्या पाषाणात विहीर खणणे म्हणजे सुरुंग, पहार आणि कित्येक महिन्यांची मेहनत. १९६० नंतरच्या दशकात, त्या काळच्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना येथे स्कॉटलंडच्या मंडळीच्या मिशनने दाबलेल्या हवेवर चालणारे छिद्रयंत्र आणून खेड्यांसाठी कूपनलिका पाडण्याचे काम हाती घेतले. या यंत्राचा हातोडा छिद्राच्या तळाशीच खडक फोडतो आणि हवेचा झोत भुगा वर फेकतो. महिन्यांचे काम एकदोन दिवसांत होऊ लागले. पुढे युनिसेफ या संस्थेनेही भारतातील खडकाळ व दुष्काळी भागांसाठी अशी यंत्रे पुरविली. १९७२ च्या महादुष्काळात तर गावोगाव छिद्रे पाडण्याची धावपळ उडाली.

छिद्रे झाली, पण त्यांवर बसविलेले पंप टिकेनात. ते पंप बिडाचे होते आणि त्यांचा नमुना युरोप-अमेरिकेतील एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेला होता. आता गणित करा. त्या काळच्या सरकारी मापाप्रमाणे एका हातपंपावर २५० माणसे, आणि दर माणशी दिवसास ४० लिटर पाणी. म्हणजे रोज १०,००० लिटर. चांगला हातपंप मिनिटास सुमारे ४० वेळा दांडा हलविल्यावर १२ लिटर पाणी देतो. म्हणजे सुमारे ८३३ मिनिटे, जवळजवळ १४ तास, पंप अखंड चालला पाहिजे आणि दांडा दिवसात ३३ हजारांहून अधिक वेळा वर-खाली झाला पाहिजे. अंगणातील पंपाने हा भार कसा सोसावा? १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले. जमिनीला छिद्र पाडण्यासाठी पैसा खर्चला होता, पण घागर रितीच होती.

या अडचणीवर उपाय शोधला तो जालना व सोलापूर येथील कार्यकर्त्यांनी व कारागिरांनी. त्यांनी बीड सोडून पोलाद घेतले. खिळखिळ्या होणाऱ्या अनेक सांध्यांऐवजी दांड्यास एकच भक्कम कणा दिला. आणि सळई ओढण्यासाठी साखळी लावली, जेणेकरून सळई नेहमी सरळ रेषेतच उचलली जावी. ‘सोलापूर पंप’ त्या काळी सर्वांत टिकाऊ ठरला. त्याच्याच आधारावर भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रास येथील यंत्रशास्त्रज्ञ व कारखानदार यांनी मिळून नवा नमुना केला, कोइमतूरजवळच्या खोल कूपनलिकांवर तो कसून तपासला, आणि त्यास ‘इंडिया मार्क दोन’ हे नाव दिले. १९७९ साली त्याचे भारतीय मानक निघाले. पुढे असे लक्षावधी पंप तयार झाले. ते आफ्रिकेतही गेले, आणि युगांडा देशात त्याचाच एक भाऊ ‘यू-दोन’ या नावाने नांदतो. आपल्या गावच्या देवळासमोरील हापशी ही या मोठ्या कुळातील आहे.

वायसराचे काम

हापशीच्या पोटात, जमिनीखाली पुष्कळ खोल, पाण्यात बुडालेले एक पितळी अस्तराचे नळकांडे असते. त्यात सळईच्या टोकास एक दट्ट्या असतो, आणि नळकांड्याच्या बुडाशी वरच्या बाजूस उघडणारी एक झडप. आपण दांडा खाली दाबला की साखळी सळईस व दट्ट्यास वर ओढते. दट्ट्याच्या डोक्यावरचे पाणी वर चढते आणि बुडाची झडप उघडून खालून नवे पाणी आत येते. दांडा वर सोडला की सळईच्या वजनाने दट्ट्या खाली जातो, बुडाची झडप मिटते, आणि दट्ट्यातील दुसऱ्या झडपेतून पाणी त्याच्या डोक्यावर येते. दट्ट्या व नळकांडे यांमधील फट बुजविणारी जी वाटीसारखी चकती, तोच वायसर. पूर्वी तो चामड्याचा असे. पुढे रबराचा आला. तो झिजला की पाणी फटीतून खाली सटकते आणि दांडा पिसासारखा हलका होतो.

वायसराची किंमत थोडक्या रुपयांची. पण ‘मार्क दोन’ पंपात तो बदलावयाचा तर खालपर्यंतचे सर्व नळ एकामागून एक वर ओढावे लागतात. त्यास अवजारे आणि जाणती माणसे लागतात. ‘मार्क तीन’ या पुढच्या नमुन्यात नळ रुंद केला, त्यामुळे नळ न उपसता दट्ट्या वर काढता येतो. परंतु पंप कोणताही असो, तो बिघडल्याची वर्दी वेळेवर गेली पाहिजे. ती कोणी द्यावयाची?

दक्षिणेकडे तामिळनाडूत यासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था करण्यात आली होती: गावात एक राखणदार, तालुक्याच्या ठिकाणी यंत्रकार, आणि जिल्ह्यास अवजारांसह फिरते पथक. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित तरुणांस हे काम शिकविले, आणि ते ‘हँडपंप मिस्त्री’ झाले. दोन्हींचे सार एकच: पाणी पिणाऱ्यांपैकीच कोणी तरी “हे माझे काम” असे म्हटले पाहिजे.

विद्यार्थ्यांनी काय करावे

आता मी तुमच्याकडे वळतो. आपले ज्ञान वहीत राहू न देता पाणवठ्यापर्यंत नेण्याच्या या काही वाटा आहेत.

पहिली वाट गणिताची. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकावी हे अंदाजाने ठरवू नये. गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर ३.१४ × २ × २ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला सुमारे २.५ ग्रॅम धरली तर सुमारे ९४ ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असेल तर अधिक. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे व ढवळावे. नंतर निदान एक तास कोणी पाणी काढू नये. पावडर उघडी राहिल्यास तिचा जोर जातो. हे काम गावच्या जलसुरक्षकाचे आहे. त्यास मापे घेऊन हिशेब करून देणे तुमच्या हाती आहे.

दुसरी वाट स्वच्छतेची. हापशीच्या ओट्यास चीर पडली की सांडलेले घाण पाणी त्या चिरेतून पुन्हा खाली मुरते. सांडपाण्यास वाट व शोषखड्डा असावा. शौचकूप व उकिरडा पाण्यापासून निदान १५ मीटर दूर असावा. गुरांची डोणी वेगळी असावी.

तिसरी वाट घरातील रांजणाची. गढूळ पाणी स्वच्छ सुती कापडाच्या अनेक पदरांतून गाळावे. बांगला देशात जुन्या साडीच्या चार व अधिक घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणे पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. गाळल्यावर उकळावे, झाकावे, आणि हात न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.

चौथी वाट परीक्षणाची. स्वच्छ दिसणारे सर्वच पाणी निर्दोष नसते. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवड्याकडील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणाबाहेर आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर तो गेला आणि वर्षानुवर्षे पोटात गेला, तर दातांवर डाग पडतात व पुढे हाडे ताठरतात. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. तेव्हा नव्या कूपनलिकेचे पाणी तपासून घ्यावे, आणि सदोष पंपाचे पाणी पिऊ नये.

पाचवी वाट संयमाची. हापशीशेजारी खोल छिद्र पाडून बागेसाठी दिवसरात्र उपसा केला, तर हापशी उन्हाळ्यापूर्वीच उसासे टाकू लागते. याच कारणास्तव महाराष्ट्र सरकारने १९९३ साली कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी घातली होती. कायदा कागदावर असतो. शेजारधर्म मनात असावा लागतो.

आणि एक गोष्ट, जी वाट नसून सर्व वाटांचा पाया आहे. पाणी सर्वांचे आहे. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुला केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने उचलून हक्क प्रस्थापित केला. दुष्काळात रांग लांब झाली की माणसाचे मन आखूड होते, आणि जुने भेद पुन्हा डोके वर काढतात. ज्या पाणवठ्यावर एकास मागे सारले जाते, तेथील पाणी कितीही गाळले तरी शुद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

अर्ज

आता त्या गावाकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मराठीचे पुस्तक मिटून ठेवले. दरवर्षी मी मुलांस अर्जलेखन शिकवीत असे: मायना, विषय, मजकूर, ‘आपला विश्वासू’. परीक्षेत त्यास गुणही भरपूर मिळत. पण त्या अर्जांतील गाव खोटे, अडचण खोटी आणि अधिकारीही खोटा. आपण शिकविलेली विद्या खऱ्या गरजेच्या वेळी वापरण्याची असते, हे मी मुलांस कधी सांगितलेच नव्हते. मग ज्या मुलीस मी आळशी म्हटले होते, तिलाच फळ्याजवळ बोलाविले. प्रथम मी सर्वांसमक्ष तिची क्षमा मागितली. नंतर तिने सांगितले आणि सर्व वर्गाने लिहिले: गावाचे नाव, हापशीची जागा, किती दिवसांपासून बंद, दांडा हलका लागतो, किती कुटुंबे अवलंबून. पाच ओळींचा अर्ज. त्यावर गावातील स्त्रीपुरुषांच्या सह्या व अंगठे तिनेच घरोघर फिरून घेतले. दोन महिने जो तो ज्या ‘कोणा तरी’ची वाट पाहत होता, तो कोणी तरी शेवटी इयत्ता नववीतील एक मुलगी निघाली.

नवव्या दिवशी दुरुस्ती करणारी माणसे अवजारे घेऊन गावात आली. दुपारपर्यंत नळ उपसून झाले, वायसर बदलला, आणि सायंकाळी दांडा जड लागू लागला. तो जडपणा किती सुखाचा असतो, हे ज्याने पोकळ दांडा हलविला आहे त्यासच कळेल. सोमवारी ती मुलगी पहिल्या तासाच्या घंटेपूर्वीच वर्गात बसली होती.

२०१९ पासून घरोघर नळाने दर माणशी ५५ लिटर पाणी देण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि पुष्कळ गावांत नळ आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नळाचा उद्भव आटतो किंवा वीज जाते, त्या दिवशी गाव पुन्हा हापशीकडेच धावते. तेव्हा नळ आला म्हणून हापशीस विसरू नका. या उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेल्यावर एक काम करा: आपल्या गावातील प्रत्येक हापशीचा दांडा एकदा हलवून पाहा. तो हलका लागला, तर घरी जाऊन कागद घ्या आणि लिहावयास बसा. दुसऱ्या कोणी तरी कळविले असेल, असे समजू नका.